ताईसाठी पांढरी खोली

२ तारीख, सोमवार

ठरलं! ताई नऊ तारखेला येतेय. तिच्या भाड्याच्या जागेचा मालक जागा विकतोय. टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात तिने एक खोली बघून ठेवली आहे. हो की नाही ते तीस तारखेपर्यंत कळवायचं. "तोवर तुझ्याकडे टेकते," म्हणाली. टेकते! जणू बाकावर बसणार आहे.

मला काय वाटतं ते इथे लिहून टाकते, कारण तोंडाने निघणार नाही. तिने जाऊ नये. इथेच राहावं, कायमचं. ती शहात्तर, मी एकोणसत्तर. दोघींच्या मिळून चार गुडघ्यांतले दोन धड आहेत, तेवढ्यावर भागेल.

पण आमच्या घरात 'राहा' असं कुणी कुणाला म्हणतच नाही. वडिलांपासूनची खोड. पान वाढतील, अंथरूण घालतील, दाराशी चपला सरळ करून ठेवतील, पण म्हणणार नाहीत. समोरच्याने ओळखायचं. म्हणून मी खोली सजवणार. लोकांचे पडदे शिवता शिवता त्यांच्या खोल्याही सजवायला लागले, त्याला तीस वर्षं झाली. कुणी शिकवलं नाही, डोळ्याला कळत गेलं. आता स्वतःच्या बहिणीसाठी करायचं. ओळखेल की ती!

३ तारीख, मंगळवार

रंग ठरला — पांढरा. ताई म्हणजे पांढरा. पस्तीस वर्षं नर्स होती. पांढरा गणवेश, पांढरी चादर, पांढरा कप. तिच्या जागेत रंगीत म्हणून एक औषधाची बाटली असायची.

रंगारी आला. आमचा जुना माणूस, निम्मं तोंड रंगाने माखलेलं, निम्मं बडबडीने. अकरा पांढरे घेऊन आला! म्हणाला, "बाई, पांढरा सगळ्यात खोडकर. शेजारी कोण बसलंय ते बघून तोंड बदलतो." खरंय. खोली उत्तरेची, उजेड थंड. कोरा पांढरा लावला तर भिंती निळसर, आजारी दिसतील. म्हणून दुधाळ घेतला, पिवळ्याचा नुसता वास असलेला.

६ तारीख, शुक्रवार

भिंती झाल्या. पडदे शिवून झाले — पांढरे, अस्तरासकट. चादर पांढरी. जमिनीला पांढरा गालिचा, कापूस आणि लोकर मिसळलेला. एका गिऱ्हाईक बाईंनी मोठा मागवला आणि मग नको म्हणाल्या, तो माझ्याकडे पडूनच होता. पाय ठेवला की बोटं बुडतात. दारात उभी राहून मीच बघत बसले. दृष्ट लागेल अशी खोली!

९ तारीख, सोमवार

आली. एक बॅग, एक छत्री, एक पिशवी. दारात थांबली. सगळीकडे नजर फिरवली.

"छान केलंयस गं, ठमे."

एवढंच. मला ठमी म्हणणारी जगात ती एकच उरली आहे. मग तिने चपला काढल्या, पाय पुसले आणि पुन्हा एकदा पुसले. थकली असेल.

१२ तारीख, गुरुवार

बॅग अजून बंद. लागेल तेवढं काढते, पुन्हा आत ठेवते, चेन लावते. मी कपाट मोकळं करून दिलं आहे, त्यात फक्त तिची छत्री लटकते आहे.

सकाळी सातला तिचा पलंग असा आवरलेला, की कुणी झोपलं होतं याचा पुरावा नाही. चादरीचे कोपरे चाकूने कापल्यासारखे. मी म्हटलं, "अगं, कोण तपासायला येणार आहे?" म्हणाली, "सवय."

आणि एक गोष्ट. ती गालिच्यावर पाय ठेवत नाही. भिंतीकडेने चालते. पलंगापासून खिडकीपर्यंत जायला खोलीला वळसा घालते, तळ्याच्या काठाने जावं तशी.

१३ तारीख, शुक्रवार

चहा स्वयंपाकघरात पिते. उभ्याने. "खोलीत नेते तुझा," म्हटलं, तर "नको, सांडला तर?"

१५ तारीख, रविवार

माझ्या लक्षात आलं ते असं — पांढरा गालिचा जड झाला. नाकापेक्षा मोती जड. आपल्यासारख्यांच्या खोलीत गालिचा असा हवा की पायाखाली असल्याचं विसरायला व्हावं. स्वस्तातला, धुता येणारा, खराब झाला तर हळहळ नको. हे मी गिऱ्हाइकांना शंभर वेळा सांगितलंय. उद्या ताईला घेऊन गालिचेवाल्याकडे जाते. कापडबाजाराच्या मागे त्याचं उरलेल्या मालाचं दुकान आहे.

१६ तारीख, सोमवार

मजा आली. आणि नंतर नाही.

ताई दुकानात रमली. मी तिला शिकवत होते — स्वस्त गालिचा आधी उलटा करायचा, पाठ सरळ तर पोट चांगलं. ओला रुमाल घासायचा. रंग रुमालाला लागला तर फरशीलाही लागणार. कडेची शिवण ओढून बघायची. ती सगळं मन लावून करत होती, नाडी बघावी तसं. गालिचेवाला म्हणाला, "आजी, माल जिवंत आहे, घाबरू नका!" ताई खळखळून हसली. किती वर्षांनी ऐकलं ते हसणं!

मग ढिगाच्या तळातून तिने एक ओढून काढला. नारिंगी! हिरवी किनार, मधे जांभळे पट्टे, एका कोपऱ्यात विणणाऱ्याची चूक झालेली. तो हातात धरून ती उभी राहिली. आणि मी म्हटलं, "अगं, हा काय? बँडवाल्याच्या टोपीसारखा! डोळे दुखतील." गालिचेवाला हसला. मी हसले. ताईसुद्धा हसली. आणि घडी घालून ठेवून दिला. घडी अगदी सरळ, कोपऱ्याला कोपरा.

मी राखाडी घेतला. पांढऱ्याला शोभणारा. "चालेल ना?" विचारलं.

"तुला कळतं त्यातलं," म्हणाली.

परत आलो. दुपारी "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून एकटीच बाहेर गेली, दिवेलागणीला आली.

१७ तारीख, मंगळवार

झोप लागली नाही नीट. तिने ज्या तऱ्हेने तो गालिचा धरला होता, ते डोळ्यांसमोरून जाईना. लहान मूल उराशी धरतात तसा.

सकाळी तिला न सांगता गालिचेवाल्याकडे गेले. म्हटलं, तो बँडवाला द्या. म्हणाला, "गेला की! कालच दुपारी. तुमच्या नशिबात नव्हता, बाई." कोण घेऊन गेलं विचारलं, तर मांडीवर थाप मारून हसायला लागला. मी चिडून निघून आले.

१८ तारीख, बुधवार

पांढरा गुंडाळून राखाडी घातला. त्याच्याही कडेकडेनेच चालते.

२१ तारीख, शनिवार

दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच घरात!

दुपारी ताई आंघोळीला गेली होती. धुतलेले टॉवेल ठेवायला खोलीत गेले. पलंगाखाली तिची बॅग, चेन उघडी. आणि त्यातून डोकावत होती नारिंगी गुंडाळी. हिरवी किनार. काखेत कळसा आणि मी गावभर वळसा घालून आले होते!

तशीच बसले पलंगावर. ताई आली, केस पुसत. मी गुंडाळीकडे बघतेय हे तिने बघितलं. लाजली. शहात्तराव्या वर्षी, चोरून चिंच खाताना पकडल्यासारखी.

"तिथल्या खोलीसाठी घेतला," म्हणाली. "तिथे कुणाच्या डोळ्यांना खुपणार नाही."

म्हणजे तिचं ठरलंय. जायचं ठरलंय.

मी म्हटलं, "पण ताई, तुला तर पांढरा आवडतो."

"कुणी सांगितलं तुला?"

"मग सगळं आयुष्य—"

"नोकरी होती ती. पांढऱ्यावर काय काय सांडतं, ठमे, ते मी पस्तीस वर्षं धुतलंय. रक्तापासून सगळं. घरी येऊनही हात तेच शोधायचे, डाग कुठे आहे. रंगीत घ्यायचं राहूनच गेलं." मग केस झटकले आणि हसली. "आणि तू इतकं मन लावून केलंस. तुला कसं सांगू, की मला रोज सकाळी वाटतं, राउंडला डॉक्टर येतील?"

वॉर्ड. मी माझ्या बहिणीला वॉर्ड बांधून दिला. अस्तरासकट!

२२ तारीख, रविवार

आठवत बसले. लहानपणी आईने लोकर आणली की रंग आधी मी निवडायची. लहान ना! लाल माझा, पिवळा माझा. उरेल तो ताईचा. उरायचा पांढरा. "मोठीला पांढरा शोभतो," असं सगळे म्हणायचे. मीच सगळ्यात मोठ्याने. पुढे ती नर्स झाली तेव्हा मी म्हटलं होतं, "बघ, जमलं की नाही!"

तीस वर्षं गिऱ्हाइकांना पहिला प्रश्न विचारत आले — तुम्हाला काय आवडतं? परक्या बायका मला त्यांच्या माहेरच्या भिंतींचे रंग सांगायच्या. हा प्रश्न मी ताईला एकदाही विचारला नाही. आपल्याच माणसाचं आपल्याला माहीत असतं, हा सगळ्यात मोठा माज!

२४ तारीख, मंगळवार

सकाळी चहाच्या वेळी विचारलं. सरळ. "ताई, तुला कुठला रंग आवडतो?"

तिने कप खाली ठेवला. "इतक्या उशिरा विचारतेस?" म्हणाली. रागाने नाही. मग — "झेंडूचा."

"सगळ्या भिंतींना?"

"वेडी का तू? एकीला. पलंगावरून दिसेल तिला. बाकीच्या राहू देत पांढऱ्या. पांढरा शेजारी असला की रंग खुलतो, एवढं मलाही कळतं."

मी तीस वर्षं हेच शिकवून खाल्लं. ती घरबसल्या शिकली!

मी रंगाऱ्याला फोन केला. ताई म्हणाली, "अगं, सहा दिवसांसाठी कशाला खर्च?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. कान आता तसेही अर्धेच आहेत.

२६ तारीख, गुरुवार

रंगारी आणि ताई — जुगलबंदी! तो म्हणतो, "आजी, हा रंग शाळेच्या बसला असतो." ताई म्हणते, "बरंच झालं. माझी खोली कुठली ते विसरणार नाही." तो म्हणतो, थोडा फिका करू. ती म्हणते, "फिकं आयुष्यभर झालं. ओत."

ओतला त्याने. पहिला हात वाळला तेव्हा खिडकीतून नेहमीचाच दुपारचा उजेड येत होता. ती थंड खोली ऊब धरल्यासारखी दिसायला लागली. मला कळायला हवं होतं. उत्तरेच्या खोलीला हेच हवं असतं.

२७ तारीख, शुक्रवार

बँडवाला गालिचा लहान पडतो. पलंगाच्या बाजूला घातला तर टॉवेल वाळत टाकल्यासारखा. मग मी राखाडीला कात्री लावली. त्याच्या पट्ट्या कापून नारिंगीच्या चारी बाजूंनी शिवल्या. जाड सुई, मेणाचा दोरा, बोटांना दोन टोपणं. खाली न घसरणारी जाळी. ताई समोर बसून दोरा ओवून देत होती. तिला अजून चष्म्याशिवाय ओवता येतं! मला नाही.

"चौकट तुझी, मधलं माझं," म्हणाली.

विणणाऱ्याच्या चुकीचा कोपरा मी पलंगाखाली जाईल असा वळवत होते. तिने माझा हात धरला. "तो बाहेर ठेव. तो बघूनच घेतलाय मी."

२८ तारीख, शनिवार

आज म्हणून टाकलं. भाजी निवडताना, खाली बघून. "ताई, राहा."

वडील असते तर उठून बाहेर गेले असते.

ताईने देठ मोडला. दुसरा मोडला. "वृद्धाश्रमवाल्या बाई चांगल्या आहेत गं," म्हणाली. "त्यांना तीसला दुपारी बारापर्यंत सांगायचंय." आणि तिसरा देठ मोडला.

एवढंच. म्हटलं ते चुकलं का? पण आता परत घेता येत नाही. घ्यायचंही नाही.

२९ तारीख, रविवार

बॅग पलंगावर. चेन बंद आहे की उघडी, ते बघायला मी गेले नाही.

३० तारीख, सोमवार

साडेअकराला खोलीतून हाक आली. गेले तर ताई गालिच्याच्या मधोमध, मांडी घालून. अंगावर झेंडूच्या भिंतीचा उजेड, हातात रिकामा कप, आणि नारिंगीवर चहाचं हे एवढं तळं. मी फडकं आणायला वळले, तर म्हणाली, "राहू दे गं. उद्या बघू."