कमरेला पिस्तूल नसलेला साहेब

लिव्हरपूल बंदर,
१४ मार्च १९७९

प्रिय दादा,

तुला, वहिनीला आणि नाते गावच्या घरी सगळ्यांना सुदामचा जय भीम. मी मजेत आहे. बोटीवर दोन्ही वेळा भात मिळतो. आईचा खोकला कसा हाय?

तू पोलिसात आहेस, म्हणून तुलाच विचारतो. आपल्या महाडला हातात काठी असली तर शिपाई, कमरेला पिस्तूल असलं तर फौजदार. त्याच हिशेबाने मी हॅम्बुर्गला चौकात गाड्या अडवणाऱ्या एका कोवळ्या पोलिसाचं पिस्तूल बघून त्याला कडक सलाम ठोकला. तो साधा शिपाई निघाला. सगळे खलाशी पोट धरून हसले.

इथे धक्क्यावर पिकल्या मिशांचा पोलीस उभा होता, कमरेला काहीच नाय. शिपाईच असणार म्हणून मी त्याच्या हातात माझी पेटी दिली नि बुटाची नाडी बांधायला बसलो. तेवढ्यात दुसरा पोलीस येऊन त्यालाच सलाम ठोकून गेला. साहेब निघाला तो! पण पेटी धरून गुमान उभा होता. इथे म्हणे साहेबालासुद्धा रोज पिस्तूल देत नाहीत. मग चोर ह्यांना भितात कशाला? आणि हॅम्बुर्गच्या त्या पोराला कुणाची भीती? माझं डोकंच चालत नाय.

वहिनीने कौतुकाने लिहिलंय, कशेडी घाटात ट्रक लुटतात म्हणून तुला काठीऐवजी बंदूक दिली, तू फोटोही काढलास. मला आनंद व्हायला पाहिजे होता.

दादा, फोटो पाठवू नकोस. काठी परत मिळाली की तेवढं कळव.

तुझा,
सुदाम