पडद्याच्या मागची बाजू

१९ नोव्हेंबर १९८८, शनिवार

आज पडद्याच्या मागे बसून सिनेमा पाहिला!

आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या मैदानात दर शनिवारी सिनेमा आणि मग पाहुण्यांशी चर्चा — इथल्या मराठी मंडळाने नवीनच सुरू केलंय. बांबूंना पांढरं कापड बांधतात. पुढची जागा शेजारच्या सायली गावच्या कारखान्यांतले पुरुष दिवेलागणीलाच अडवतात, म्हणून बायकांनी मागची बाजू धरली. चित्र इकडूनही दिसतं. पोराला पाजा, वाटाणे सोला, गप्पा मारा — कुणी श्श करत नाही. हे म्हणाले, "मंडळाच्या चिटणिसाची बायको मागे बसते, बरं दिसत नाही. पुढे खुर्ची ठेवतो." नको म्हटलं. शेजारी केसरबाई हवी. ती धुळ्याकडची, नवरा सायलीला कामाला. तिच्या तोंडाचा पट्टा म्हणजे दुसरा सिनेमाच.

नावं तेवढी उलटी दिसतात. वाचायला गेले, मान अवघडली.

नंतर मुंबईचे पाहुणे बोलले. बोलले म्हणजे काय — बोलतच राहिले! केसरबाईची पोरं झोपली, मग केसरबाईही.

२० नोव्हेंबर

दुपारी पानावर बसल्या बसल्या मंजू म्हणते, "आई, सिनेमातली सगळी माणसं माझ्यासारखी जेवतात. डाव्या हाताने!"

मी चाटच पडले. नावं उलटी, तर माणसंही उलटीच की! माझ्या कसं लक्षात आलं नाही? सांगणार होते, पण पोरीचा चेहरा असा फुललेला. तिला आणखी भात वाढला.

सासूबाई म्हणाल्या, "सिनेमातली माणसं काय, कशीही जेवतील." आणि रोजच्यासारखी जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन मंजूचा डावा हात कमरेशी बांधला. जूनमध्ये पोर पहिलीत जाईल, त्याआधी हात वळलाच पाहिजे म्हणे. "देवाला फूल डाव्याने वाहणार? सासरी डाव्याने वाढणार? कोण जेवेल?"

मला हे मुळीच पटत नाही. ह्यांना सांगितलं तर "आईला काही बोलू नकोस" एवढंच. मग मीही बोलत नाही. मंजू उजव्या हाताने भात सांडत बसते आणि मी तो वेचत बसते.

२३ नोव्हेंबर

सासूबाईंना डाव्या हाताचा एवढा राग का? आज धीर करून विचारलंच. "तुला नाही कळायचं." संपलं!

एरवी बाई इतकी मायाळू! मंजूला ताप आला तर रात्ररात्र मांडीवर घेऊन बसतात. आणि कामाचा उरक केवढा! आम्ही उठायच्या आत दारात रांगोळी तयार. काय सुंदर काढतात — पण काढताना त्यांना मी तरी कधी पाहिलेलं नाही. मागे म्हटलं होतं, मला शिकवा. तर म्हणाल्या, "रांगोळी का शिकवून येते?"

२६ नोव्हेंबर, शनिवार

वीज गेली. सिनेमा अर्धा, भाषण मात्र पूर्ण.

३ डिसेंबर, शनिवार

आज मैदानात रणधुमाळी! सगळं लिहून ठेवते.

सिनेमा एका विधवेचा. दीर तिचं शेत लाटायला बघतो, ती सोसत राहते आणि शेवटी त्याच्या थोबाडीत देते. पाहुणे रघुनाथ सर, मुंबईच्या कॉलेजातले. हे पहिलेच पाहुणे, ज्यांनी आम्हाला काही विचारलं. "तिनं कोणत्या हातानं मारलं, पाहिलंत? उजव्या! ज्या हातानं आजवर त्याला वाढलं, त्याच हातानं."

मागून केसरबाई गरजली, "डाव्या हातानं मारलं, सायेब!"

पुढे हशा. एक गुजराती फोरमन ओरडला, "अरे बेन, जमणा हाथे! उजव्या!"

"हसता काय? आम्ही सगळ्या बायांनी पाह्यलं ना! वाढलं बी डाव्यानंच!"

"डाव्याच, डाव्याच!" सगळ्या बायका. मीसुद्धा! मला खरं ठाऊक होतं, तरी ओरडले. मंजूचा हात माझ्या हातात होता ना. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सर उठले आणि चक्क पडद्याला वळसा घालून आमच्यात येऊन उभे राहिले. तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला. पाहिला — आणि लहान मुलासारखे हसले. "अहो, ह्या म्हणतात ते खरंय! इथून डावाच आहे!" केसरबाईने विजयाने पदर खोचला.

मग सरांनी माइकवरून समजावून सांगितलं. कापड एकच, पण मागून सगळं उलटं दिसतं. बाईनं मारलं उजव्यानेच.

मंजूने माझा हात सोडला. "आई, म्हणजे ती सगळी उजवीच आहेत?"

हो म्हणावं लागलं. घरी येईपर्यंत तिने डावा हात फ्रॉकमागे लपवून ठेवला होता. मला इतकं वाईट वाटलं! पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं का? पण मग तिला ते दोन आठवडे तरी कुठले मिळाले असते?

४ डिसेंबर

आज पानं वाढल्यावर मंजू स्वतःच चिंधी घेऊन आली. डावा हात कमरेशी धरून उभी राहिली. "आजी, बांध ना. मी एकटीच उलटी आहे."

सासूबाईंनी चिंधी घेतली. गाठ मारायला गेल्या, बसेना. पुन्हा गेल्या, पुन्हा सुटली. मग म्हणाल्या, "आज राहू दे," आणि भरल्या पानावरून उठल्या. दिवसभर काही खाल्लं नाही. खोदून खोदून विचारलं — पित्त झालंय म्हणे.

हे नुसतं पित्त नव्हे.

५ डिसेंबर

उजाडता उठले, तर मंजूचं अंथरूण रिकामं. दार सताड उघडं. बाहेर अंगणात सासूबाईंचा आवाज — "चिमूट सैल सोड, घाबरू नको."

दोघी शेजारी शेजारी बसून रांगोळी काढत होत्या. दोघीही डाव्या हाताने.