अनोळखी उपकरण

४ मार्च, मंगळवार
नवा राउटर बसला. सिग्नल उत्तम आहे, असं खुद्द बसवणाऱ्या माणसाने सांगितलं. आतल्या खोलीत मधूनच अडकतो, असं मुलीने सांगितलं. दोघांत अनुभव कोणाला जास्त, हे उघड आहे. तरीही मुलीच्या तक्रारीची दखल घेतली.

घ्यायलाच हवी. चौदा तारखेला तिची शेवटच्या फेरीची मुलाखत आहे. व्हिडिओवर, आतल्या खोलीतून. दीड वर्ष घरी बसून अर्ज करते आहे, आणि इतक्या मोठ्या कंपनीत इथवर पहिल्यांदाच पोचली. मेहुणा म्हणाला, भावोजी, त्या दिवशी पोरीला माझ्याकडे पाठवा, माझं नेट कधी जात नाही. मी म्हणालो, तिला बाप आहे. यावर ही भावाकडे बघून काहीतरी पुटपुटली.

बसवणारा माणूस निघताना म्हणाला, काका, सगळं करा, फक्त ॲडव्हान्स्डमध्ये जाऊ नका. म्हणजे तिथे काहीतरी आहे.

५ मार्च, संध्याकाळ
ऑफिसातून आलो तो थेट ॲडव्हान्स्डमध्ये. चहा नंतर.

चॅनल म्हणजे रस्त्याच्या लेनसारखा प्रकार. शेजारीपाजारी सगळे एक, सहा आणि अकरावर कोंबलेले. तेरावर चिटपाखरू नाही. जगाला एवढी साधी गोष्ट सुचू नये? तेरा लावला.

थोड्या वेळाने मुलगी बाहेर आली. तिच्या लॅपटॉपवर आपलं वाय-फाय दिसतच नाही म्हणाली. हिच्या फोनवरही नाही. मुलीचं म्हणणं, बाबा, काही मशीनना तेरा दिसतच नाही. असेल. पण तिथे गर्दी नाही हे मी म्हणालोच होतो, आणि ते तंतोतंत खरं ठरलं. ही म्हणाली, हो, आता आपणसुद्धा नाही.

परत ऑटोवर ठेवलं. तात्पुरतं.

८ मार्च, शनिवार
वेग कमी होतोय. माझा निष्कर्ष: खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य आपलं वाय-फाय चोरतात. पुरावा: जिन्यात भेटले की हसतात. विनाकारण.

ट्रान्समिट पॉवर किमान केली. आता सिग्नल खाली जात नाही. आतल्या खोलीतही जात नाही, पण सुरक्षेला किंमत असतेच. मुलीने सरावाचा कॉल जिन्यात बसून, मोबाइल डेटावर केला. बसायला उशी नेली. जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे भारदस्त वाटत होता. तसं तिला सांगितलं. ती मान खाली घालून उशी झटकत राहिली. नम्र आहे.

ही म्हणाली, अहो, राउटर घरासाठी आहे की घर राउटरसाठी? वाक्य चांगलं आहे. अर्थ नाही.

९ मार्च
पॉवर मध्यम केली. माझ्या मनाने. हिने राउटर उचलून खिडकीबाहेर धरला होता, त्याचा याच्याशी संबंध नाही.

१० मार्च
आज खरा मार्ग सापडला. तो इतकी वर्षं माझ्या टेबलावरच होता.

मी ऑफिसात आवक-जावक सांभाळतो. नियम एकच: ज्या कागदावर आवकेचा शिक्का नाही, तो कागद आलेलाच नाही. मग साहेबाच्या सासऱ्याचा का असेना. हाच नियम घरात लावला. वाय-फायचं नाव लपवलं. घरातल्या प्रत्येक उपकरणाला नाव देऊन नोंद केली: हिचा फोन, मुलीचा फोन, मुलीचा लॅपटॉप, मी. नोंद नसलेलं काही जोडलं गेलं की माझ्या फोनवर सूचना येते, ‘अनोळखी उपकरण’. खाली लाल बटण. दाबलं की खेळ खलास.

पकडल्या गेलेल्याला स्क्रीनवर काय दिसावं, तो मजकूरही आपण लिहू शकतो. बरीच खाडाखोड करून हा कायम केला: ‘आपला प्रवेश नामंजूर करण्यात आला आहे. पुन्हा प्रयत्न करू नये. – कुटुंबप्रमुख.’

दंतवैद्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. छान झोप लागेल.

१२ मार्च
मुलीचा लॅपटॉप लपवलेल्या नावाशी जुळवून घेत नाही. जोडतो, सोडतो, जोडतो, सोडतो. जुना आहे. ती म्हणाली, बाबा, परवावर आलंय, जसं होतं तसं करून द्या ना, हात जोडते. खरंच जोडले. मी विचारलं, हे सगळं मी कोणासाठी करतोय? ती म्हणाली, तेच मला कळत नाहीये.

मुलाखतीचा ताण. मुलं आईबापांवरच काढणार.

१३ मार्च, संध्याकाळ
मेहुणा येऊन गेला. येताना खांद्याला काळी बॅग होती, जाताना नव्हती. विसरभोळा. माझ्याशी मात्र फार गोड बोलला, भावोजी, उद्या ऑफिसला जाताय ना? दोनदा विचारलं. जातोय म्हणालो. प्रत्यक्षात रजा टाकली आहे. ऐन वेळी हॉलमध्ये मला बघून मुलीला धीर येईल.

आतल्या खोलीत तिघांची बरीच कुजबुज. नंतर ही वाय-फायचा पासवर्ड विचारायला आली. कशाला, म्हणालो. पाठ करायला, म्हणाली. उशिरा का होईना, घरात शिस्त येते आहे.

मुलगी आज हसत होती. किती दिवसांनी. जुना लॅपटॉप कपाटात ठेवून दिला. सेटिंग्ज जमल्या, यावर तिचा विश्वास बसला असावा.

१४ मार्च, शुक्रवार
सकाळ. मी ऑफिसला गेलो नाही हे कळल्यावर ही दारातच थबकली. म्हणाली, बसा, पण कशाला हात लावू नका. मी म्हणालो, मी फक्त लक्ष ठेवणार.

मुलाखत सुरू झाली. आतून तिचा आवाज येतोय. स्वच्छ, न अडकता. मध्ये कोणीतरी हसलं, समोरचे असावेत. चाललंय झकास. हे माझ्यामुळे, पण आज मी बोलणार नाही.

फोन बघितला तर सूचना येऊन पडलेली. अनोळखी उपकरण! नेमकं आत्ता. माझ्या मुलीच्या मुलाखतीतून घोट घोट पितोय! आकडा बघितला. घरातलं जवळपास सगळं नेट हा एकटा खातोय. याला म्हणतात निर्लज्जपणा. लगेच दाबणार होतो, पण थांबलो. आवक-जावकमध्ये घाई करत नाहीत. पुन्हा नावं तपासली. नोंद नाही. शंभर टक्के नाही.

दाबलं.

आतून आवाज थांबला. बहुधा ती समोरच्यांचं ऐकून घेत असेल.

हॅलो, हॅलो, असं ती म्हणते आहे. मग काहीतरी पडलं. मग रडणं. हिचं नाही, मुलीचं. मी दारावर टकटक करून सांगितलं, घाबरू नकोस, चोर पकडलाय. दार उघडलं नाही.

तडक खाली गेलो. दंतवैद्य पेशंटच्या तोंडात हात घालून बसले होते. मी दारातूनच सुनावलं, नोंद नसताना घुसणं तुम्हाला शोभतं का? ते म्हणाले, काका, माझं स्वतःचं कनेक्शन आहे, तुमच्यापेक्षा वेगवान, हवं तर पासवर्ड घ्या. पेशंटने तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बघितलं.

दुपार. हिने मेहुण्याचा लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. तोच त्या बॅगेत होता. स्क्रीनवर माझा मजकूर. नीट उमटला होता. शुद्धलेखन निर्दोष.

ही म्हणाली, वाचा. मी वाचलं. म्हणाली, मोठ्याने. तेवढं काही केलं नाही.

चूक कुठे झाली ते स्पष्ट आहे. बाहेरचं उपकरण घरात आणताना नोंद करून घ्यायला हवी होती. हे मी समजावून सांगत होतो तेव्हा मुलीने एवढंच विचारलं, बाबा, भिंतीपलीकडे मी होते, एकदा आत येऊन विचारलंत का? मुलाखत चालू असताना आत यायचं नाही, हा तिचाच नियम. तो मी पाळला. हे तिला पटलं नाही.

१५ मार्च
मुलीने कंपनीला पुन्हा संधी द्यावी म्हणून ईमेल पाठवला. मला न दाखवता. त्यात तांत्रिक बाजू नीट मांडली नसणार, म्हणून मी स्वतंत्र ईमेल पाठवला. आवक-जावकचं तत्त्व, अनोळखी उपकरणाचा धोका, माझं कर्तव्य. उमेदवाराने नोंद न केल्यामुळे हा प्रसंग ओढवला, पण इतर बाबतींत मुलगी शिस्तीची आहे, हेही प्रांजळपणे लिहिलं. कुटुंबप्रमुख म्हणून सही.

१६ मार्च
कंपनीतल्या बाईंचा मुलीला फोन आला, रविवार असूनही. माझा ईमेल ऑफिसात सगळ्यांनी वाचला, असं म्हणाल्या. मंगळवारी पुन्हा मुलाखत! हे कोणामुळे झालं, ते सांगायला नको.

बाईंनी एकच अट घातली. शक्यतो घरून नको.

१७ मार्च
मुलगी मामाकडे गेली. ही तिच्यासोबत. एका मुलाखतीला दोन मोठ्या बॅगा जरा जास्त वाटल्या. मेहुण्याला फोन करून म्हणालो, तुझ्या राउटरच्या सेटिंग्ज फोनवरून सांगतो. तो म्हणाला, भावोजी, आमच्याकडे नेट नुसतं चालतं.

१८ मार्च
मुलाखत झाली म्हणे. कशी झाली ते कळलं नाही. हिला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा मेहुण्याने उचलला.

घरी वेग प्रचंड आहे.

१९ मार्च, बुधवार
निकाल उद्या दुपारी. मुलगी मला कळवणार नाही, असं तिने मामाकरवी कळवलं. मेहुणा कळवेल. नोकरी लागली तर ती तिकडूनच नव्या गावी जाईल. नाही लागली तर मामाकडेच राहून पुढचे अर्ज करेल. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी वाटेत आपलं घर लागत नाही.

उरलेलं सामान न्यायला ही शनिवारी सकाळी येणार आहे. तेव्हा तुम्ही जरा बाहेर जाऊन या, असं मेहुण्याने सुचवलं. मी सांगितलं, शनिवारी मला सुट्टी असते, मी घरीच असतो.

तो म्हणाला, हो भावोजी, म्हणूनच.