युरियाची टाकी कोरडी निघाली

९ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. कसा आहेस हे विचारत नाही. तू ‘एकदम ठणठणीत’ म्हणणार आणि मला ते खरं धरावं लागणार. आम्ही इथे बरे आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असं वहिनी विचारेल. तिला म्हणावं, मी फोनवर इंजिनाचं काही बोलायला लागले की तुझ्या नवऱ्याला नेमकं ऐकू येईनासं होतं आणि तो ‘हॅलो हॅलो’ करून ठेवून देतो.

तुझा ट्रक आमच्या शेडमध्ये मधोमध उभा आहे. क्रेनवाल्याने ओढून आणून सोडला तेव्हापासून बाकीची गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून आत येतात. भोंगा प्रत्येकाला सांगतो, “मालकिणीचं माहेर आहे ते, हात लावू नका.” म्हातारा झाला तरी आमच्या या मिस्त्रीचा आवाज काही उतरत नाही. तो कुजबुजला तरी रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचा हात थांबतो.

आता कामाचं. डिझेलची टाकी खाली उतरवली. तळाशी पाण्याचा चांगला जाड थर निघाला. फिल्टर कापून पाहिला तर आत पांढरे खडे, साखर सांडावी तसे. तेच पुढे इंजेक्टरपर्यंत गेलंय. इंजेक्टर कारागिराकडे दिलेत. काही वाचतील, बाकीच्यांचं काही खरं नाही. टाकी गरम पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, पाइपांतून हवा मारली.

हात काळे झालेच होते, म्हणून धुराकडची बाजूही उघडली. सायलेन्सरमधली काजळी अडवणारी जाळी गच्च बुजली होती. ट्रक उभा करून, इंजिन चालू ठेवून एसीच्या गार हवेत झोपा काढल्या की असंच होतं. तुझं घोरणं ऐकून ऐकून ती बिचारी जीव सोडायच्या बेतात होती. भाजून, फुंकून साफ केली. धुरातला विषारी वायू मारायला त्यावर युरियाचं पाणी फवारतं ना, ते नोझलही खडे धरून बसलं होतं. कोमट पाण्यात ठेवलं तर आपोआप सुटलं.

पेट्रोल पंपावरच्या बाईने डिझेलमध्ये पाणी घातलं, असं तू क्रेनवाल्याला, मला आणि बहुतेक वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलंस. त्याबद्दल एवढ्यात कुणाशी बोलू नकोस. त्याच दिवशी त्याच पंपावर भरलेली दुधाची गाडी आमच्याकडे ऑइल बदलायला आली होती. तिचं डिझेल बाटलीत काढून उजेडात धरलं. स्वच्छ होतं. मी अजून बघते आहे.

एक विचारायचं होतं. डिझेलमध्ये पाणी आलं की समोर पिवळा दिवा लागतो. ट्रक बंद पडायच्या आधी तो लागला असणार. दिसला होता का तुला? आणि वहिनी म्हणत होती, हल्ली समोरून गाडी आली की तू शिव्या घालतोस, सगळ्यांनी डोळ्यांत घुसणारे दिवे बसवलेत म्हणतोस. सहज विचारलं. डोकं दुखत असेल तर उन्हात फिरू नकोस.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी धाकटी



१७ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. ट्रक तयार आहे. काल चढाच्या रस्त्याने रिकामा फिरवून आणला. मी चालवत होते आणि भोंगा शेजारी बसून प्रत्येक वळणावर ‘सावकाश’ म्हणत होता. ठोका नाही, काळा धूर नाही, चढाला दम लागत नाही. आनंदाची बातमी इथे संपली.

पंपाच्या मालकाला फोन करून तू तक्रार केलीस, हे मला परवा कळलं. मी नको म्हटलं होतं. त्याने त्या बाईला घरी बसवलं. ती माझ्याकडे आली होती. ठेंगणी आहे, बोलायला तिखट. दारातूनच म्हणाली, “तुमच्या भावाला मी चांगली ओळखते. दर खेपेला काहीतरी वाद घालतो, पण माणूस वाईट नाही. मी पाणी घातलेलं नाही, ताई.” मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिने काही केलेलं नाही हे मला माहीत होतं.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हाच माहीत होतं. डिझेल भरल्यावर पंपाच्या आवारातच युरियाचा अख्खा कॅन ओतला आणि मग निघालो, असं तू म्हणाला होतास. मी युरियाची टाकी उघडली तर ती कोरडी ठाक. कॅन रिकामा आणि टाकीही रिकामी, मग युरिया गेला कुठे? डिझेलच्या टाकीत गेला. तळाचं पाणी आणि ते पांढरे खडे त्याचेच. पाणी कुणी घातलं नाही, दादा. तू युरिया चुकीच्या तोंडात ओतलास.

घाई असेल, लक्ष नसेल, असं स्वतःला समजावून पाहिलं. पण तू कसा आहेस ते मला ठाऊक आहे. लग्नाच्या मांडवातून उठून तू चाकातली हवा बघून आला होतास. मग ट्रकच्या बाजूला उभी राहून दोन्ही झाकणं बघत बसले. डिझेलचं मोठं आणि काळं, युरियाचं लहान आणि निळं. निळं निळं दिसत असतं तर तुझा हात तिकडे गेला नसता. गेल्या खेपेला माझ्या निळ्या स्कूटरला तू ‘ही राखाडी कधी घेतलीस?’ म्हणालास. आम्ही सगळे किती हसलो होतो.

डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन विचारून आले. मोतीबिंदू वाढला की निळा रंग विटल्यासारखा दिसतो आणि समोरचे दिवे डोळ्यांत फुटतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण मोतीबिंदूच असेल तर ऑपरेशन साधं आहे म्हणाल्या. तुझ्यासाठी वेळ घेऊन ठेवली आहे.

तू म्हणशील, लायसन जाईल. म्हणशील, घरी बसून भिंती बघत राहू का? तू घरी बसलास तर वहिनीचे हाल कुत्रा खाणार नाही, हे मलाही कळतं. पण मला भीती वाटते, दादा. पिवळा दिवा दिसला नाही तर ट्रक बंद पडला, तेवढ्यावर भागलं. रस्त्याच्या कडेने चाललेलं माणूस दिसलं नाही तर?

त्या बाईचं राहिलं. तिला बरोबर घेऊन मी पंपाच्या मालकाकडे गेले. सांगितलं, ट्रक तुमच्याकडे यायच्या आधी माझ्या शेडवर आला होता, युरिया मी भरला आणि तो माझ्या हातून डिझेलमध्ये गेला. मालक म्हणाला, “तुम्ही? डिझेलमध्ये?” आणि मॅनेजरला बोलावून मला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. बाईला त्याने त्याच दिवशी कामावर घेतलं. बाहेर आल्यावर ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “कॅन तुम्ही नाही ओतला. मी तिथेच होते की.” मी म्हटलं, “तुम्हाला तुमचं काम मिळालं ना? मग झालं तर.”

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या ड्रायव्हरांत पोचली. आज सकाळी एकाने गाडी आत घेताना विचारलं, “ताई, पाणी रेडिएटरमध्येच घालणार ना?” भोंगा त्याच्या अंगावर धावून गेला. खरं काय ते भोंग्याला माहीत आहे, आणि त्याने ते त्याच्या आवाजात सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. त्याला मी आत पिटाळलं आणि त्या माणसाची गाडी हातात घेतली.

वाईट वाटलं. फार वाटलं. बाईला इंजिनातलं काय कळतं, हे ऐकत ऐकत ही शेड उभी केली आणि आता माझ्याच तोंडाने त्यांना हसायला कारण दिलं. पण तिथे तुझं नाव घेववेना. चारचौघांत तुला कुणी आंधळा म्हटलेलं मला ऐकवलं नसतं.

एवढं मी केलं. याच्यापुढे नाही. किल्ली माझ्याकडे आहे आणि तुला नीट दिसायला लागेपर्यंत ती माझ्याकडेच राहील. भांडायला खुशाल ये. फक्त बसने ये.

परवा फोनवर तू विचारलंस, टाकी उतरवली का, नोझल बघितलं का. ते सगळं मी पत्रात लिहिलं होतं. पत्र मिळालं का म्हटलं तर म्हणालास, मिळालं, खिशात आहे. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. तुला ते वाचताच आलेलं नाही आणि तू वाचून दाखव असं कुणाला म्हणालाही नाहीस. म्हणून या वेळी पाकिटावर वहिनीचं नाव घातलं आहे.

वहिनी, तू हे मोठ्याने वाचते आहेस ना? यातलं तुला काही माहीत नव्हतं, मी जाणते. त्याच्यावर चिडू नकोस, नंतर दोघी मिळून चिडू. तो मधेच उठून बाहेर गेला असेल तर कागद खाली ठेव आणि त्याच्या मागे जा. दाराबाहेरची पायरी त्याला दिसत नसेल.

तुम्हा दोघांची,
धाकटी