आरासेलीची लेखी संमती

बाकोलोद, ४ मार्च २००९

चि. इनदाय हिस थोरल्या बंधूचे सपरिवार आशीर्वाद, वि. वि.

आरासेलीच्या दत्तकविधानासाठी न्यायालयाची समाजसेविका गृहपरीक्षणास येणार, हे वृत्त कळले. बालकाचे सर्वोत्तम हित कोणत्या तराजूत तोलतात, याचे मला अपरंपार कुतूहल आहे. कचेरीत वीस वर्षे खुर्ची झिजवल्याच्या अधिकाराने उपदेश करतो : शेजारणीचा वेताचा सोफा मागून आण. आणि परसात राहणाऱ्या लोलाला, म्हणजे पोरीच्या आजीला, त्या दिवशी गिमारास बेटावर पाठव. पोरक्या लेकराचा जीव आजीतच गुंतलेला दिसला, तर तुझ्या मातृत्वाचा पक्ष लंगडा पडेल. दहा वर्षांवरील मुलाची लेखी संमती लागते. तो केवळ उपचार समज.

तुझी वहिनी म्हणते, ह्यांचा सल्ला ऐकणाऱ्याची दया येते. दुर्लक्ष कर. लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा म्हणून आंबे पाठव.

तुझा मानोंग, म्हणजे दादा,
क्रिसान्तो

इलोइलो, २ एप्रिल २००९

ती. मानोंग यांस, तुमचा हात कपाळी लावून, वि. वि.

वहिनींची दया पोहोचली. सोफा आणला, लोलाला पाठवले. काल न्यायालयात संमतीचा कागद पुढे येताच आरासेलीने सुवाच्य अक्षरात ‘नाही’ लिहिले.

न्यायाधीशबाईंनी आम्हांला आपल्या खोलीत नेले. मला वाटले, आता घराची लांबीरुंदी निघणार. त्यांनी पोरीला विचारले काय, तर वेणी कोण घालते आणि तापात ती कोणाला हाक मारते. वेणी मी घालते, म्हणाली; तापात लोला. मग आपणहून सांगितले, की दत्तक झाले की लोलाला कायमचे घालवणार, रंगीत तालीम झाली आहे. आई चांगली आहे, पण लबाड आहे.

मी रडत खरे सांगितले. तुमचे नाव न्यायालयाच्या नोंदीत अजरामर झाले, मानोंग! बाई म्हणाल्या, मुलीची माणसे जे घर लपवते, त्या घराचीच आम्हांला काळजी वाटते. लोला आमच्याकडेच राहील, असे मी कबूल केले.

तेव्हा आरासेलीने कोरा कागद माझ्याकडे सरकवला. तिची संमती लेखी हवी, तर लोलाबद्दलची माझीही लेखीच हवी, असे तिचे म्हणणे. बाईंनी स्वतःचे पेन दिले. माझे लिखाण तिने दोनदा वाचले, ह्यांची, म्हणजे एलिसेओंचीही, सही घेतली, आणि मगच आपले ‘नाही’ खोडले.

न्यायालयाचा निकाल पंधरवड्यात यायचा आहे. तोवर सोबतचा कागद पाहावा. तिसऱ्या सहीची जागा तिने मामासाहेबांसाठी राखली आहे. उलट टपाली पाठवावा, खाडाखोड चालणार नाही.

रागवा, पण माया पातळ करू नका.

आपली धाकटी,
इनदाय