मोडलेला नंबर

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. परवा दोनदा प्रयत्न केला. तू आपला ‘बोला साहेबीणबाई’ करून चेष्टा करत राहिलास, आणि मागून वहिनी ओरडली, गाडीला तिच्या कंपनीचं स्टिकर कुठे लावायचं ते आधी विचारून घ्या. मी फोन ठेवून दिला.

म्हणजे आता तूसुद्धा आमच्या अ‍ॅपवर. टॅक्सी स्टँडवरचा शेवटचा गडी. आमच्या ऑफिसात टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. काय करणार?

शाळा सुटली की मी थेट स्टँडवर यायचे, तुझ्या मागच्या सीटवर पुस्तकं पसरायचे. तुझा नंबर आला की तू मला दप्तरासकट उचलून मागच्या टॅक्सीत टाकायचास. तिचा नंबर आला की तिच्या मागच्या. माझं अर्धं शिक्षण असं सरकत सरकत झालं. भाडं लांबचं असो नाहीतर कोपऱ्यापर्यंतचं, ज्याचा नंबर त्याचं. जाड्या एकदाच पुढे घुसला, तर आठवडाभर त्याच्याशी कुणी बोललं नाही. शेवटी बिचारा रडकुंडीला आला होता.

हेच मी ऑफिसात सांगितलं रे. बाकीचे स्टँड उठले, हाच का उठत नाही, असं साहेबांनी विचारलं. मी मारे तोंड वर करून म्हणाले, तिथे नंबर पाळतात, म्हणून ते एकमेकांना धरून आहेत. शप्पथ, मला तुमचं कौतुक करायचं होतं! पुढच्याच आठवड्यात नवी योजना आली: रांगेत मागे उभ्या असलेल्या गाडीला लगेच भाडं, वर बोनस. जाड्या पहिला गेला. तू त्याला नाही नाही ते बोललास. त्याचा काय दोष? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो दांडा तुझ्याच घरातला होता.

आता नीट ऐक. कंपनी अजून दमडी कमवत नाही. स्वस्त भाडं, बोनस, सगळं गुंतवणूकदारांच्या जिवावर. गिऱ्हाईक आमचं नाही, ड्रायव्हर आमचा नाही; चार पैशांचा फरक दिसला की दोघंही दुसरं अ‍ॅप उघडतात. मग नफा होणार कशातून? तुम्ही नसण्यातून. हॉस्पिटलसमोरची तुमची जागा रिकामी झाली की बोनस बंद, कमिशन दुप्पट. हे ठरलंय. मी त्या खोलीत बसले होते.

काल बाजारात जाड्याची बायको भेटली. ती म्हणाली, नंतर बाकीचे जायला कचरत होते, तेव्हा तूच त्यांना म्हणालास, जा बिनधास्त, आपली धाकटी आहे तिथे, ती आपल्याला बुडू देईल का? दादा, मी पिशवी रिकामीच घेऊन घरी आले. सोमवारी तू जागा सोडल्याच्या कागदावर सही करणार आहेस. करू नकोस. एकदा सोडलेली जागा पालिका परत देत नाही. आणि हे सगळ्यांना सांग, कुणी सांगितलं तेही सांग. माझी नोकरी जाईल म्हणून तू माझं नाव लपवशील, मी ओळखते तुला. लपवू नकोस. ते माझ्या नावावर गेलेत, दुसऱ्या कुणाच्या नावावर परत यायचे नाहीत.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
धाकटी