वालाच्या वेलांखालचं पाडस

अहो,

मागच्या वाफ्यांना आज पाणी सोडू नका. वालाच्या वेलांखाली हरणाचं पाडस आहे. पहाटे झारी घेऊन गेले, तर हरिणी माझ्यासमोर त्याला चाटत होती. देवाची करणी जन्मभर कानांनी ऐकली, आज डोळ्यांनी पाहिली हो!

आईने टाकलंय असं समजून त्याला उचलू नका. कोल्ह्याला माग लागू नये म्हणून ती लांब रानात चरते, सांजेला दूध पाजायला येईल. कुंपणवाला जाळी ठोकायला आला की त्याला परत पाठवा. वाट बंद झाली तर लेकरू उपाशी मरेल. आणि शेंगा गेल्या म्हणून चिडू नका, बाळंतिणीने खाल्ल्यात.

आपल्या धाकटीला कळा सुरू झाल्यात, मी दवाखान्यात निघाले. तुम्ही लेकीला हे घर बंद केलंत, त्यावर मी कधी बोलले नाही, आताही बोलत नाही. सांजेला पायरीवर बसून ती हरिणी कशी येते तेवढं बघा. मग दवाखान्यात या.

येताना धाकटीची शाल आणा. तुमच्या कपाटात सदऱ्यांखाली लपवून ठेवलीय ना, तीच.